उरलेल्या दाण्याचा इतिहास

पाखरांना दाणे घालणे ही बाब एके दिवशी न्यायालयात जाईल, असे मागच्या पिढ्यांतील कोणाला सांगितले असते तर ते थट्टेवारी नेले गेले असते. जुलै २०२५ मध्ये मात्र मुंबईतील ५१ कबुतरखान्यांचा विषय विधान परिषदेत निघाला आणि ते बंद करण्यास शासनाने महापालिकेला सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने या कारवाईला स्थगिती देण्याचे नाकारले व बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदविण्यास सांगितले. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला. ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री ओढून काढली. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. त्याच दिवशी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला होता. २२ ऑगस्टला तो सौम्य करताना कुत्र्यांना रस्त्यात कोठेही खाऊ घालण्यास मनाई करण्यात आली आणि त्यासाठी ठरावीक जागा नेमून देण्यास सांगण्यात आले.

या वादात एका बाजूने जीवदया बोलत होती आणि दुसऱ्या बाजूने सार्वजनिक आरोग्य. दोन्ही बाजूंचे म्हणणे आम्ही लक्षपूर्वक वाचले. कबुतरांच्या विष्ठेतील व पिसांतील सूक्ष्म कणांमुळे काही माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे वैद्यकाने सिद्ध केलेले आहे. त्याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. आम्हांस नवल वाटले ते निराळ्या गोष्टीचे. पाखरांना घास घालण्याची एवढी जुनी आणि एवढी नियमबद्ध परंपरा असलेल्या समाजात, त्या नियमांची आठवण कोणत्याच बाजूने कोणी काढली नाही. एका पाखरासाठी टाकलेल्या दाण्यावर न बोलावलेले प्राणीही येतात, ही अडचण काही आजची नव्हे. ती जितकी जुनी, तितकीच तिची उत्तरेही जुनी आहेत. आणि त्यांतली काही उत्तरे चांगली असली तरी काही अतिशय वाईट आहेत. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रकारच्या उत्तरांचा मागोवा घेण्याचा विचार आहे.

गृहबलिभुज

अमरकोशात कावळ्याची जी नावे दिली आहेत, त्यांत ‘बलिपुष्ट’ आणि ‘बलिभुज्’ ही दोन आहेत. बळीवर पोसलेला, बळी खाणारा, असा त्यांचा अर्थ. येथे बळी म्हणजे मारलेला पशू नव्हे; घराबाहेर ठेवलेला अन्नाचा छोटा भाग. ‘मेघदूता’त दशार्ण देशाचे वर्णन करताना कालिदासाने गावच्या झाडांवर घरटी बांधू लागलेल्या पाखरांसाठी ‘गृहबलिभुज्’ असा शब्द योजिला आहे. एखाद्या पक्ष्याची ओळख माणसाच्या घरातून त्याला मिळणाऱ्या घासावरून व्हावी, इतकी ही रीत त्या काळी रुळलेली होती.

ही रीत कशासाठी होती, याचे धर्मशास्त्राने दिलेले कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. रोज स्वयंपाक करताना या पाच ठिकाणी नकळत जीव मारले जातात; त्याची फेड म्हणून पाच महायज्ञ सांगितले आणि त्यांपैकी भूतयज्ञात बळी ठेवायचा. म्हणजे पाखराला घास घालणे ही या विचारानुसार कृपा नव्हती, दानही नव्हते. ते रोजचे देणे होते. दात्याने स्वतःला दयाळू समजण्यास त्यात फारशी जागा नव्हती, कारण तो आधीच ऋणको ठरलेला होता.

या देण्याला मापही होते. बळी हातात मावेल एवढा, जमिनीवर हलकेच ठेवायचा आणि घरच्या माणसांच्या जेवणाआधी द्यायचा. त्याहून महत्त्वाचा नियम उरलेल्या अन्नाविषयी आहे. देव, पितर, अतिथी, भूते यांचे झाल्यावर जे शिल्लक राहील ते गृहस्थाने खावे. या शिल्लक अन्नाला ‘विघस’ असे स्वतंत्र नाव आहे आणि ते खाणे गौरवाचे मानले आहे. पाखरांचा वाटा आधी काढायचा आणि उरेल ते आपण खायचे, असा हा क्रम. आपण आधी खायचे आणि उरलेले खिडकीतून बाहेर टाकायचे, हा आजचा क्रम त्याच्या नेमका उलट आहे. आमच्या मते नको असलेल्या प्राण्यांचा प्रश्न या एका उलटापालटीशी जोडलेला आहे, आणि पुढचे सारे विवेचन त्याच्याच आधाराने करावयाचे आहे.

मराठी घरांत या जुन्या व्यवस्थेचे तुकडे आजही आढळतात. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून शितांच्या चार-दोन चित्राहुती घालणारी माणसे अजून आहेत. श्राद्धाच्या दिवशी गाय, कुत्रा, कावळा, मुंग्या यांचे भाग वेगळे काढले जातात. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते आणि तो आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून वेळ निभावली जाते. एरवी हाकलला जाणारा हा पक्षी त्या दिवशी सर्वांत हवाहवासा असतो. ज्ञानेश्वरांच्या नावावरील एका प्रसिद्ध विराणीत तर प्रियाच्या आगमनाचा शकुन सांगणाऱ्या कावळ्याला दहीभाताचे आमिष दाखविले आहे आणि त्याचे पाय सोन्याने मढविण्याचे वचन दिले आहे.

नको असलेला कोण?

हवा असलेला आणि नको असलेला पक्षी ही विभागणी कायमची नसते, हे दाखविणारी उदाहरणे वाङ्मयात विपुल आहेत. आज ज्या कबुतरावरून वाद चालला आहे, त्या कपोताचेच पाहा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात कपोताविषयी एक सूक्त आहे. त्यात तो निर्ऋतीचा, म्हणजे नाशाच्या देवतेचा दूत मानला आहे आणि तो घरात शिरला तर अनिष्ट टळावे म्हणून प्रार्थना केली आहे. म्हणजे तेथे कबुतर हाच नको असलेला पाहुणा! महाभारतात येईपर्यंत चित्र पालटते. शिबीच्या कथेत कपोत शरणागत होतो. शांतिपर्वातील कपोत आणि व्याध यांच्या कथेत तर तो यजमानच होतो आणि दारी आलेल्या भुकेल्या व्याधासाठी अग्नीत उडी घेतो. पक्षी तोच राहिला. त्याच्याकडे पाहणाऱ्याची दृष्टी बदलली.

आपल्या बाळगोष्टींतही हीच विभागणी आहे. आई चिऊच्या आणि काऊच्या नावाने एकेक घास भरवते तेव्हा दोघांना समान वाटा मिळतो. परंतु पावसात घर वाहून गेलेला काऊ जेव्हा चिऊच्या दारात उभा राहतो, तेव्हा दार लवकर उघडत नाही. घास द्यायचा, पण दार उघडायचे नाही, हे धोरण मूल फार लहानपणी शिकते.

‘मृच्छकटिका’च्या पहिल्या अंकात तर या विषयाचा एक सामाजिक दस्तऐवजच आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी रसिकांच्या ओळखीचा झालेला चारुदत्त तेथे आपल्या उंबऱ्याकडे पाहून खेद करतो. वैभवाच्या काळात त्या उंबऱ्यावर ठेवलेला बळी हंस आणि सारस झडप घालून खात. आता तेथे गवत उगवले आहे आणि ओंजळभर दाणे पडतात ते किडे तोंड घालून उष्टावतात. हंस-सारस हे शोभेचे पाहुणे, आणि कीटक हे दारिद्र्याचे लक्षण. घरमालकाची पत पाखरांच्या जातीवरून ठरावी, याचा इतका जुना आणि इतका स्पष्ट दाखला अन्यत्र क्वचितच सापडेल. त्याच नाटकाच्या चौथ्या अंकात वसंतसेनेच्या वाड्याचे वर्णन येते. तेथील कावळे दहीभाताच्या बळीला तोंडही लावत नाहीत, कारण तो चुन्याच्या रंगात मिसळून गेला आहे. एका घरी दाणा आहे पण मानाचे पाखरू नाही. दुसऱ्या घरी घास इतका आहे की पाखराला तो दिसतही नाही. शूद्रकाला विनोद करायचा होता, हे खरे; पण अतिरेकी दानाविषयीचे त्याचे निरीक्षण आजच्या कबुतरखान्यापाशीही लागू पडते.

यादीतली माणसे

येथवर जुन्या व्यवस्थेची जमेची बाजू पाहिली. तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मनुस्मृतीच्या ज्या अध्यायात भूतयज्ञ सांगितला आहे, त्यातच बळी कोणाकोणासाठी जमिनीवर ठेवावा याची यादी आहे. तीत कुत्रे आहेत, कावळे आहेत, कृमी आहेत. आणि त्यांच्याच रांगेत पतित, श्वपच आणि पापरोगाने ग्रासलेली माणसे आहेत. पाखरांविषयी एवढी सूक्ष्म जाणीव बाळगणाऱ्या विधीने माणसांचा एक मोठा वर्ग कुत्र्या-कावळ्यांच्या पंगतीला बसविला, आणि तोही अंगणाबाहेर. उरलेले अन्न गृहस्थाने खावे हा नियम ग्रंथात राहिला. व्यवहारात शिळे-उष्टे कोणाच्या पदरात पडत होते, हे मराठी दलित आत्मकथनांनी, विशेषतः १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’नंतरच्या लेखनाने, आपल्यासमोर ठेवले आहे. त्यामुळे ‘आपली जुनी भूतदया’ असा शब्दप्रयोग कोणी अभिमानाने केला, की आम्हांस ही यादी आठवते.

या यादीला मराठी परंपरेतूनच मिळालेली उत्तरेही आहेत. नामदेवांची कथा सर्वश्रुत आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला तेव्हा नामदेव काठी घेऊन धावले नाहीत. कोरडी भाकरी त्याला लागेल म्हणून तुपाची वाटी घेऊन धावले. महीपतीच्या संतचरित्रांतून घरोघर पोहोचलेल्या एकनाथांच्या कथा याहून पुढे जातात. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास आला म्हणून आशेने थांबलेल्या अस्पृश्य कुटुंबाला नाथांनी ते अन्न वाढले, आणि ब्राह्मणांनी बहिष्कार घातला तेव्हा पितरच जेवावयास आले, असे ती कथा सांगते. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिने जे केले ते स्पष्ट आहे: यादीत शेवटी असलेल्यांना तिने पहिल्या पानावर बसविले. या कथा सांगितल्या गेल्या, ऐकल्या गेल्या आणि व्यवहार बहुतांशी तसाच राहिला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

म्हणूनच महाडचा उल्लेख या लेखात उपरा ठरू नये. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या तळ्यावर गुरांना आणि पाखरांना मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो माणसांना. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. त्याचा आरंभ नाशिकच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’ने केला आणि त्या दिवशी चिमण्यांसाठी पाण्याची भांडी ठेवण्याचे आवाहन केले जाते. दोन्ही तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग आहे. पण महाराष्ट्रात पाखरांपुढे पाणी ठेवणाऱ्याने दुसरी घटना विसरू नये, असे आम्हांस वाटते.

कुत्रे, उंदीर आणि मुंबई

‘नको असलेला प्राणी’ या कल्पनेला आजचा अर्थ मिळाला तो एकोणिसाव्या शतकातील मुंबईत. जुन्या विधीत कुत्र्याचा वाटा ठरलेला होता. कंपनी सरकारच्या लेखी मात्र उन्हाळ्यात मोकाट हिंडणारा कुत्रा हा उपद्रव होता आणि तो मारणाऱ्याला बक्षीस मिळे. ६ जून १८३२ रोजी कोटात या कुत्रेमारीविरुद्ध पारशी समाजातून उठाव झाला आणि दुसऱ्या दिवशीच्या हरताळात इतर समाजही सामील झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. प्राणी मारायचे नाहीत, पण रस्त्यावरही राहू द्यायचे नाहीत. त्यांना एका आवारात ठेवून पोसायचे. २०२५ च्या ऑगस्टमधील न्यायालयीन आदेशांत हीच कल्पना जवळपास दोनशे वर्षांनी पुन्हा डोके वर काढते.

पांजरापोळामुळे एक बदल झाला, त्याची फारशी नोंद घेतली जात नाही. घास घालणे ही प्रत्येक घराची रोजची बाब होती. ती आता वर्गणीदारांनी चालविलेल्या संस्थेची बाब झाली. देणारा आणि खाणारा यांची गाठ पडण्याचे कारण उरले नाही.

दुसरा बदल घडविला प्लेगने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. मांडवी हा धान्याच्या गोदामांचा भाग, आणि गोदामे म्हणजे उंदरांचे माहेरघर. उंदीर मरतात आणि मग माणसे मरतात, हे लोकांच्या ध्यानात येत होते, पण दोहोंमधला दुवा ठाऊक नव्हता. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत केलेल्या प्रयोगांतून तो दुवा, म्हणजे उंदरावरील पिसू, पुढे आणला; तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. उंदीर मारण्याच्या मोहिमांना जीवदयेच्या भावनेतून विरोधही झाला. तथापि सांडलेला दाणा, दाण्यामागे उंदीर, उंदरावर पिसू आणि पिसवेमागे मृत्यू ही साखळी एकदा कळल्यावर सांडलेल्या दाण्याकडे पूर्वीच्या निरागसपणे पाहणे शक्य राहिले नाही. चारुदत्ताच्या उंबऱ्यावरील किडे केवळ गरिबीची खूण होते. मांडवीचा उंदीर हा मरणाचा वाहक होता.

या पार्श्वभूमीवर कबुतरखान्यांचा विचार केला पाहिजे. दादरचा कबुतरखाना १९३३ चा. हा मूळचा पाण्याचा कारंजा. त्याच्याभोवती कबुतरे जमू लागली आणि त्यांना चणे-ज्वारी टाकण्याचा प्रघात पडला. शेजारीच दाणे विकत मिळत. घरून आणण्याचीही गरज नसे. येणाऱ्याने दाणे विकत घ्यावेत, टाकावेत आणि पुढच्या गाडीला जावे. जैन आणि गुजराती भाविकांच्या मनात यामागे खरीखुरी करुणा होती व आहे. तिची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु जुन्या बळीशी तुलना करता येथे तीन गोष्टी गळून पडलेल्या दिसतात. पहिली, माप: हाताच्या घासाची जागा पोत्यांनी घेतली. दुसरी, वेळ: दिवसातून एकदा याऐवजी दिवसभर. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, उरलेल्याची जबाबदारी. संध्याकाळी जे उरते त्याचे काय होते, हे पाहण्यास दाता तेथे नसतो. ते काम रात्री उंदीर करतात आणि सकाळी झाडूवाला करतो.

कबुतराच्या बाजूने पाहिले तरी निष्कर्ष फारसा वेगळा येत नाही. पारवा हा मुळात कड्याकपारींत राहणारा पक्षी. उंच इमारतींच्या वळचणी आणि वातानुकूलन यंत्रांमागच्या खाचा त्याला कड्यांसारख्याच वाटतात. खाणे मिळत राहिले तर तो वर्षभर अंडी घालतो. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या देशव्यापी अहवालात लक्षणीय वाढलेल्या पक्ष्यांत त्याची गणना आहे. ज्या चिमणीसाठी अनेक जण गच्चीत तांदूळ टाकतात, ती देशभराचा विचार करता बरीचशी स्थिर असली तरी मोठ्या महानगरांत घटली आहे, असे त्याच मालिकेतील २०२० चा अहवाल सांगतो. टाकलेला तांदूळ पारवे आधी फस्त करतात. शिवाय चिमणीच्या पिलांना दाण्याने भागत नाही. त्यांना अळ्या-किडे लागतात. औषध फवारलेल्या, फरश्या घातलेल्या आवारात ते कोठून मिळणार? चारुदत्ताला ज्यांचा विषाद वाटला, त्या किड्यांवरच चिमणीची पुढची पिढी अवलंबून आहे.

थंड देशांतले सल्ले

पाखरांना खाऊ घालण्याविषयी आज जी पुस्तके आणि उपकरणे आपल्याकडे येतात, त्यांचा उगम वेगळ्या इतिहासात आहे. १८९०-९१ चा हिवाळा इंग्लंडमध्ये फार कडक होता. बर्फात पाखरे मरू लागली तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी लोकांना दाणे घालण्याचे आवाहन केले. १९१० पर्यंत ‘पंच’ साप्ताहिकाने पाखरांना खाऊ घालणे हा राष्ट्रीय विरंगुळा झाल्याचे म्हटले. तेथील न बोलावलेला पाहुणा म्हणजे करडी खार. १८७६ मध्ये चेशायरमध्ये हौसेने सोडलेली ही अमेरिकी खार पुढे इतकी पसरली की तिला चकवणाऱ्या दाण्याच्या नळ्या तयार करणे हा एक उद्योगच झाला. उत्तर अमेरिकेत अस्वले असलेल्या प्रदेशात, ती हिवाळी झोपेतून उठण्याच्या सुमारास, दाण्याच्या नळ्या उतरवून ठेवण्यास सांगतात.

या देशांचा अनुभव दोन बाबतींत शिकण्यासारखा आहे. आपल्याकडे बर्फ नाही. पाखरांच्या हलाखीचा काळ येथे उन्हाळा आहे आणि त्यांना तुटवडा पडतो तो दाण्यापेक्षा पाण्याचा. तेव्हा हिवाळ्यातले औषध उन्हाळ्याच्या देशात तसेच्या तसे घेण्याचे कारण नाही. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास ग्रीनफिंच या पक्ष्यांत घशाच्या एका संसर्गाची साथ आली. एकाच फळीवर अनेक पाखरे खाऊ लागल्याने, उष्ट्या दाण्यांतून आणि पाण्यातून, ती पसरली. पक्षी इतके घटले की २०२१ मध्ये त्यांचा समावेश तेथील चिंताजनक यादीत झाला. २०२५ च्या आरंभी तेथील पक्षिसंरक्षण संस्थेने सपाट खाद्यफळ्यांची विक्रीच थांबविली. म्हणजे साचलेल्या उष्ट्याने नको असलेला प्राणी तर येतोच, शिवाय हवे असलेले पाखरूही त्यात मरते.

आपल्याकडचे न बोलावलेले पाहुणे निराळे आहेत. दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे नाग, धामण, घोणस. शिजवलेल्या अन्नामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे, सह्याद्रीच्या पायथ्याला, बिबट्या. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा आढळला. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेलाही बिबट्या वस्तीकडे येण्यात कचरा आणि त्यावर पोसलेली कुत्री यांचा हात असतो. बिबट्या दाणे खाण्यास येत नाही, हे उघड आहे. पण माणसाने न खाल्लेले, न आवरलेले अन्न रात्रभर बाहेर राहिले, की त्याच्याभोवती एकामागून एक प्राणी गोळा होतात आणि शेवटच्याला आपण ‘घुसखोर’ म्हणतो.

माप

मग पाखरांना घास घालूच नये काय? आमचे उत्तर असे आहे की, घालावा. पण त्याला घासच म्हणता यावे. मूठभर, सकाळी, आणि तासा-दोन तासांत संपेल एवढा. सूर्यास्तापूर्वी जागा झाडून घ्यावी आणि जे उरले असेल ते आत न्यावे. कुत्र्यांना आणि उंदरांना ओढून आणणारे शिजवलेले, तेलकट, खारट अन्न बाहेर ठेवू नये. ढीग घालण्यापेक्षा टांगावे. कोकणात दसऱ्याच्या सुमारास नवे बांधतात, भाताच्या लोंब्या दाराला लावतात. चिमण्या त्यांना लोंबकळून एकेक दाणा टिपतात. पारव्याला असे लोंबकळणे जमत नाही, आणि भिंतीपासून दूर टांगलेल्या कणसाला उंदीर सहजी पोहोचत नाही. उन्हाळ्यात उथळ मातीचे पसरट भांडे पाण्याने भरून ठेवावे आणि ते रोज घासावे, एरवी त्यात डास होतील. ज्याच्यापाशी हातभर जमीन आहे त्याने उंबर, पांगारा, सावर, निदान एखादे फुलझाड लावावे, आणि त्यावरच्या अळ्या पाहून लगेच फवारणीचा पंप उचलू नये. झाडाने घातलेल्या घासाचे उष्टे आपल्याला काढावे लागत नाही.

हे नियम पक्षितज्ज्ञ सांगतात आणि ते आधुनिक आहेत. तरीही थोडे, ठरल्या वेळी, स्वतःच्या हाताने, आणि उरलेल्याची जबाबदारी घेऊन, ही त्यांची चौकट बलिहरणाच्या चौकटीहून फारशी वेगळी नाही. जुन्या विधीतील माप आपण घ्यावे आणि त्यातील यादी टाकून द्यावी, एवढाच निवाडा या इतिहासातून आम्हांस करता येतो. यादी टाकणे म्हणजे केवळ मनुस्मृतीला दूषण देणे नव्हे. आजच्या गृहसंकुलांत पाखरांच्या पाण्याच्या भांड्याची छायाचित्रे कौतुकाने लावली जातात आणि त्याच संकुलांत कचरा उचलणाऱ्या बाईला पाणी देण्यासाठी वेगळा पेला ठेवलेला असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आमचे म्हणणे कळेल. कबुतरखान्यापाशी जो झाडूवाला रोज सकाळी विष्ठा आणि सडलेले दाणे गोळा करीत होता, त्याच्या फुप्फुसांचा प्रश्न २०२५ च्या वादात दोन्ही बाजूंनी फारच थोड्यांनी विचारला. दाणे टाकणाऱ्याचे पुण्य आणि शेजाऱ्याचे आरोग्य यांच्यामध्ये तो उभा होता.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते, त्याचे कारण हेच. ‘मृच्छकटिक’ शिकविताना चारुदत्ताच्या त्या श्लोकापाशी आपण करुण रसाची चर्चा करतो आणि पुढे जातो. क्वचित तेथे थांबून उंबऱ्यावरचे ते दाणे कोणी पेरले, कोणी खाल्ले आणि उरलेले कोणी झाडले, हेही विचारून पाहावे.